चौदावा दिवस

सासूबाईंनी चपला घातल्या, पण दाराबाहेर पाऊल टाकलं नाही.

"आज कसला दिवस?" त्या म्हणाल्या. "चौदावा तर मागच्या आठवड्यात झाला. तेव्हा बसलो की आम्ही दोघं खाली, डास मारत."

"डॉक्टरांनी तपासायला पट्टी दिलीय, आई," सून म्हणाली. "ती पट्टी आज म्हणते."

"पट्टी! आम्हाला कुठे होत्या पट्ट्या? चौदावा दिवस धरला, दोन मुलं झाली."

तीन वर्षं घर याच हिशोबावर चाललं होतं. पाळी आल्यापासून चौदाव्या संध्याकाळी सासूसासऱ्यांनी घर मोकळं करून खालच्या बाकावर जाऊन बसायचं, आणि बाकीचे दिवस मुलाने 'जपून' राहायचं, म्हणजे ताकद साठते. त्या दोन खोल्यांत एवढ्या शिस्तीने दुसरं काहीच होत नसे. परवा मात्र डॉक्टरांनी सांगितलं, की बीज काही सगळ्या बायकांचं चौदाव्या दिवशी सुटत नाही. सुनेची पाळीच लांबते, त्यामुळे तिचं आठवडाभर उशिरा सुटतं. दोष कोणातच नाही, दिवस चुकला. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना नवरा आपणहून म्हणाला होता, "आईला मी सांगतो. नीट समजावून."

आज सकाळी पट्टीवरची रेघ गडद उमटली, म्हणजे बीज आता सुटणार. सुटलेलं बीज जेमतेम एक दिवस टिकतं, आणि नवरा रात्रीच्या गाडीने आठवडाभर कंपनीच्या कामाला निघायचा होता. बॅग भरून तयार होती. म्हणजे जी काय ती ही संध्याकाळ.

"गोळ्या घेतेस ना वेळेवर?" सासूबाई एकदम हळू आवाजात म्हणाल्या. "सांगितलं हो त्याने मला. डॉक्टरांनी तुझ्यात दोष काढलाय म्हणे, पण गोळ्यांनी जाईल. मी कोणाला बोलले नाही. खालच्या बायकांना तेवढं सांगितलं, त्यांनी विचारलं म्हणून."

सून हसली.

"सावकाश या," ती म्हणाली आणि दार लावून घेतलं. सासरे केव्हाच जिना उतरले होते. या विषयावर त्यांना काही मत नव्हतं. घरातल्या कुठल्याच विषयावर नव्हतं.

आत नवरा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पलंगाच्या काठावर बसला होता. दात काढून घ्यायला आल्यासारखा.

"गेले?"

"गेले. तू आईंना काय सांगितलंस?"

त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं. "अगं, वय झालं तिचं. 'आई, तुझ्यामुळे आमची तीन वर्षं फुकट गेली,' असं तिला तोंडावर कसं सांगायचं? किती लागलं असतं तिला."

"आणि मला?"

"तुला सवय आहे," तो म्हणाला. मग स्वतःच दचकला. "म्हणजे तसं नाही गं..."

"खाली जा."

"आत्ता?"

"आत्ता. बायका बसल्यात तिथेच, सगळ्यांसमोर सांग. डॉक्टर जे म्हणाले तेच. सांगून झालं की वर ये."

"अगं वेळ जातोय! आजचाच दिवस आहे, तूच म्हणालीस ना?"

"म्हणून तर म्हणते, पटकन सांग."

तो गेला. ती खिडकीशी उभी राहिली. घर पहिल्या मजल्यावर होतं, बाकावरचं बोलणं रोजच ऐकू यायचं. बहुतेक वेळा ते तिच्याबद्दलच असायचं.

बाकावर सासूबाई, सासरे आणि शेजारच्या दोघी बसल्या होत्या. मुलगा येऊन कडेला टेकला. सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्याने घसा साफ केला, एकदा आईकडे बघितलं, एकदा घड्याळाकडे.

"इथे वारा छान येतो," तो म्हणाला.

सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. आज आपण खाली का येऊन बसलोय, हे त्यांनी नुकतंच शेजारणींना साग्रसंगीत सांगून संपवलं होतं.

मग दोघींपैकी थोरली, जिला कुठलीच गोष्ट अर्धवट सोडवत नसे, ती सासूबाईंकडे वळली.

"तुम्ही इथे. हे इथे. आता मुलगाही इथे." तिने मान वर केली. "मग वर कोण आहे हो?"

पाचही जणांनी खिडकीकडे पाहिलं. सासऱ्यांनीसुद्धा.

सुनेने ते पाचही चेहरे एकेक करून नीट बघून घेतले, आणि दिवा मालवला.