दारावरचं लेबल

जुन्या मासिकाच्या मुखपृष्ठावरून वर्गणीदाराच्या पत्त्याचं लेबल ओरखडा न उठवता सोडवावं तर ते व्हर्ननने, असं अख्ख्या ओहायोतले संग्राहक म्हणतात. तो व्हर्नन मी.

काल हाती आलेल्या जुन्या प्रतीवर मात्र लेबल नेहमीसारखं कोपऱ्यात नव्हतं. चित्रातल्या घराच्या दारावरच ते डकवलं होतं.

"चिकटवणारा झोपेत होता की काय?" माझी बहीण युनिस हसली.

मी हेअर ड्रायरची ऊब दिली आणि लेबल अलगद सुटलं. खालचं दार किंचित उघडं होतं. माझ्याकडच्या याच अंकाच्या दुसऱ्या प्रतीत ते बंद आहे.

"बघ, अशी प्रत जगात दुसरी नसेल!" माझी छाती फुगली.

"व्हर्नन, मघाशी ते एवढं उघडं होतं?"

दार आता सताड उघडं होतं. आत नुसता काळोख.

"लेबल परत लाव बाबा."

"वेड लागलंय? लोक तोंडावर हसतील माझ्या!"

"मग आहे कुठे ते?"

टेबलावर नव्हतं. शोधता शोधता युनिस बाहेरच्या दाराशी थबकली. लेबल आमच्या दाराला, आतून, दार आणि चौकटीमधल्या फटीवर चिकटवलेलं होतं.

एकही सुरकुती नव्हती. इतकी सफाई मलाही जमली नसती.