ओहोटी चालू आहे

शनिवारी संध्याकाळी शिवानीची नोकरी गेली. ती गेलीच नाही असं समजू आणि शनिवारच्या सकाळपासून सुरू करू.

सकाळी आठला रिसेप्शनवरची घंटा सलग अकरा वेळा वाजली. खोली नंबर पाचचे हिम्मतराव उभे होते. हातात 'पाहुण्यांसाठी सूचना' हे हॉटेलचं पत्रक, त्यावर लाल पेनाच्या खुणा. हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेला माणूस. कागद हाती आला की सोडत नसे.

"माय, चार नंबर वाच."

पत्रक शिवानीनंच लिहिलं होतं. तरी तिनं वाचलं. "भरतीच्या वेळी कमरेपेक्षा खोल पाण्यात जाऊ नये."

"तीन दिवस झाले वाट बघायलो. कंबर राहू दे, अंगठा भिजंना."

"ओहोटी चालू आहे, काका."

"परवा ओहोटी, काल ओहोटी, आज ओहोटी. भरती हाय कधी?"

"ते चंद्रावर असतं."

"मग लाव चंद्राला फोन."

शिवानी हसली. हसणं पगारात धरलेलं होतं.

"सहा नंबर. ओले कपडे बाल्कनीत वाळत घालू नयेत. आता ओले आणू कुठून? नळाखाली धरू?"

"तो नियम सगळ्याच हॉटेलांत असतो, काका."

"बरं, नऊ नंबर. वेचलेले शिंपले जाताना रिसेप्शनवर मोजून परत द्यावेत. भामानं सतरा वेचलेत. नातवाला एक नेला तर समुद्राचं काय नुकसान हाय?"

"सतराच्या सतरा लागतील, काका. आणि दुपारी बारा ते तीन वाळूत अनवाणी जाऊ देऊ नका काकूंना. तळवे भाजतात."

"ते दोन नंबरला लिवलंय," हिम्मतराव म्हणाले आणि तिथंही एक लाल खूण करून निघून गेले.

शिवानीनं कपाळ काउंटरवर टेकवलं. मग उठून 'आजची स्थिती' लिहायच्या फळ्याकडे गेली. 'ओहोटी' हा शब्द आठवड्यांमागून आठवडे राहून फिका झाला होता. तिनं तोच खडूनं गिरवला.

हॉटेल मॅनेजमेंटचा कोर्स करून दोन वर्षं घरी बसल्यावर मिळालेली ही पहिली नोकरी. आज अकरा वाजता पर्यटनाच्या ऑफिसातले साहेब तपासणीला येणार होते. 'बीच हॉटेल' असं प्रमाणपत्र मिळालं तर ठीक. नाही मिळालं तर मालक आबासाहेब सोमवारपासून इथं पुन्हा लग्नाचा हॉल काढणार होते. लग्नाच्या हॉलला भरती-ओहोटी सांगणारी मुलगी लागत नाही.

"बेटा, परेशान होऊ नको," आबासाहेब म्हणाले. "समुद्र म्हणजे काय? थोडी वाळू, बाकी सबर, नुसता धीर. फक्त त्या पाच नंबरवाल्याला साहेबांपासून लांब ठेव."

साहेब बरोबर अकराला आले. प्रतापराव नाव, काखेत फाइल, चेहरा दाढदुखीचा. त्यांनी वाळू मुठीत घेऊन पाहिली, खूण केली. छत्र्या मोजल्या, खूण केली. नारळाच्या झाडाखाली उभं राहून वर बघितलं.

"एखादा नारळ पाहुण्याच्या डोक्यात पडला तर?"

"पडत नाहीत साहेब," शिवानी म्हणाली. "तारेनं बांधलेत."

"वा. हा विचार कुणी करत नाही." खूण.

उंच स्टुलावर जीवरक्षक बसला होता. लाल चड्डी, गळ्यात शिट्टी, नजर समोर रोखलेली.

"रेकॉर्ड?"

"हॉटेल सुरू झाल्यापासून एकही माणूस बुडालेला नाही, साहेब."

प्रतापरावांनी पहिल्यांदाच मान डोलवली. शिवानीच्या छातीवरचं ओझं जरा हललं. तेवढ्यात वाळूतून हिम्मतराव येताना दिसले. पत्रक झेंड्यासारखं वर धरलेलं.

"साहेब! माझी तक्रार हाय. लेखी."

"काका, नाश्ता संपेल," शिवानी म्हणाली.

"संपू दे. साहेब, इथं तीन दिवस झाले..."

"अहो, गप बसा की!" भामाकाकू छत्रीखालून ओरडल्या. पाय वाळूत पुरून, पदराला शिंपले बांधून त्या ऐसपैस बसल्या होत्या. "साहेब, यांचं काही लिवू नका. मला हा समुद्र लै आवडला. आवाज नाही, चिकचिक नाही, साडी भिजत नाही. टीव्हीतल्या समुद्राची तर मला भीतीच वाटते. आम्ही दर साल येणार."

हिम्मतरावांचा हात हळूहळू खाली आला. चाळीस वर्षांच्या संसारात त्या पहिल्यांदाच सुट्टीवर आल्या होत्या. पत्रकाची घडी करून त्यांनी ते खिशात घातलं.

"एक मात्र खरं," ते पुटपुटले. "चिक्कडपल्लीच्या घरून पोहे खाऊन निघालो, तर इथं उतरताना ढेकर पोह्याचीच होती. समुद्र इतक्या जवळ असेल, कुणी सांगितलंच नाही आजवर."

'पोचण्यास सोपे,' प्रतापरावांनी लिहिलं आणि खूण केली.

मग फाइल काउंटरवर ठेवून त्यांनी शिवानीपुढे सरकवली. "सव्वीसपैकी पंचवीस अटी बरोबर. असं हॉटेल मी पाहिलं नाही. हा शेवटचा रकाना तुम्हीच भरा. काही कमी असेल तर खाली विनंती लिहायला जागा आहे. वर पाठवतो."

शिवानीनं पेन घेतलं. बाहेर बघितलं. जीवरक्षक अजूनही समोर नजर लावून बसला होता. तिनं सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं:

'समुद्रापासूनचे अंतर: भरतीच्या वेळी शून्य, ओहोटीच्या वेळी सव्वातीनशे किलोमीटर. महोदय, इतर सर्व अटींची पूर्तता झालेली असल्याने हैदराबाद शहरास एक समुद्र, तो शक्य नसल्यास निदान एक भरती, सोमवारपूर्वी मंजूर करावी, ही नम्र विनंती.'