नागरिक झाल्याची संध्याकाळ

दुपारी लेकाने नव्या देशाच्या नागरिकत्वाची शपथ घेतली. लाँड्रीत इस्त्री करून त्याला वाढवणाऱ्या आईचा इथे राहण्याच्या परवानगीचा अर्ज मात्र दुसऱ्यांदा फेटाळला गेला होता. संध्याकाळी दोघं जेवायला बसली आणि दाराची बेल वाजली. आईने झटकन टीव्ही बंद केला. चौदा वर्षं दोघांची हीच सवय होती. माणूस परत जाईपर्यंत श्वास रोखून बसायचं.

लेक मोठ्याने हसला. "अगं आई, आता कशाला घाबरायचं? येऊ दे कोण येतंय ते!"

आईने त्याचं मनगट धरलं. "तू नको रे घाबरूस," ती कुजबुजली. "पण माझं काय?"

लेकाचं हसू विरलं. पण त्याचा आवाज बाहेर गेला होता. "दार उघडा!" बाहेरून कुणीतरी ओरडलं. त्याने आईला आतल्या खोलीत लोटलं, तिचं ताट बेसिनमध्ये सरकवलं आणि दार उघडलं. गणवेशातले दोघे उभे होते. एकाने कागदावरचं आईचं नाव अडखळत वाचलं आणि विचारलं, "ही बाई तुमची कोण लागते?"

"कुणी नाही," लेक म्हणाला.

'पुन्हा येऊ' म्हणून ते निघून गेले. लेक दाराला पाठ टेकून तसाच उभा राहिला. आई बाहेर आली, तरी त्याला मान वर करवेना.

"बरोबर बोललास," आई म्हणाली. "फक्त पुढच्या वेळी आवाज कापू देऊ नकोस."