पुढच्या दिवाळीपर्यंत

"किरकोळ दुरुस्ती पुरे," गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी म्हणाली. "पुढच्या दिवाळीपर्यंत निघेल."

देशिंगकर चिडले. "मागच्या महिन्यात हीच म्हणत होती, अख्खी बॅटरी बदला. आता किरकोळ कसं काय पुरतंय?"

"गाडी जुनी झाली तरी तिचा अंदाज चुकत नाही, काका," मुजावर मिस्त्री नजर चुकवत म्हणाले. "मालकाला गाडी जितके दिवस लागणार, तेवढ्यापुरतंच काम ती सांगते. स्टिअरिंगवरच्या हातांवरून तिला सगळं कळतं. नाडी, कंप, आतलं दुखणंसुद्धा."

देशिंगकरांना समजलं. हृदयाच्या ऑपरेशनपासून त्यांनी मनाची तयारी केलीच होती. ते खिन्न हसले. "म्हणजे दिवाळीपर्यंत मी. बायकोला काही बोलू नका."

मुजावरांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "काका, तुम्ही ही गाडी शेवटची कधी चालवली?"

देशिंगकरांनी खिडकीतून स्टिअरिंगकडे पाहिलं. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी त्यांना स्टिअरिंगला हात लावू दिला नव्हता. तेव्हापासून गाडी त्यांची बायको वृषालीच चालवत होती.

समोरच्या टपरीवरून ती चहा घेऊन येत होती, तीन कप दोन हातांत सांभाळत.

"काय ठरलं मग?" तिनं विचारलं. "मोठंच काम करून टाका, मुजावर. यांना अजून गोकर्ण दाखवायचंय मला."

गाडीचा स्पीकर खरखरला. गाडी काही बोलायच्या आत देशिंगकरांनी खिडकीतून हात घालून किल्ली उपसून काढली.