ज्वाळ वाचणारा माणूस

“त्रेचाळीस मिनिटं, उस्ताद,” रोमिना ओरडून म्हणाली.

एव्हारिस्तोने ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि भट्टीच्या तोंडाकडे बघत उभा राहिला.

आत वितळलेल्या तांब्यात हवा फुंकली जात होती. त्यातलं लोखंड जळून वर तरंगणाऱ्या मळीत गेलं की ज्वाळ हिरवी होते. नेमकी तेव्हा हवा बंद करायची. उशीर झाला तर लोखंडामागून तांबंही मळीत जातं. तीस वर्षं तो क्षण एव्हारिस्तोच ठरवत आला होता. त्याचा हात वर गेला की हवा बंद.

रोमिनाला कंपनीने त्याचसाठी सांतियागोहून या वाळवंटात धाडलं होतं. कच्च्या मालातलं लोखंड, हवेचा दाब, उष्णता, सगळ्याचं गणित मांडून तिने संगणकात दुसरी भट्टीच उभी केली होती. प्रत्येक घाण्याआधी ती मिनिटं सांगायची. पहिल्याच आठवड्यात एव्हारिस्तोने तिला बजावलं होतं, “मोठ्यानं सांगत जा. बघू तरी, तुझं यंत्र किती चुकतं.”

यंत्र चुकत नव्हतं. सहा महिन्यांत त्याच्या हातात आणि तिच्या आकड्यात मिनिटाहून जास्त फरक पडला नाही.

तिला आनंद व्हायला हवा होता. पण म्हातारा रोज तिच्यासाठी अव्होकाडो चुरडून भरलेला पाव आणायचा. बायको गेल्यापासून त्याला घर खायला उठायचं, म्हणून सुट्टीच्या दिवशीही तो कारखान्यात डोकावून जायचा. आणि व्यवस्थापक बाराओना यांनी तिला सरळच विचारलं होतं, की दोघं एकच सांगत असतील तर दोघं हवेत कशाला? गुरुवारी ते स्वतः बघायला येणार होते.

गुरुवारी रोमिनाने सांगून टाकलं, की संगणक अडकलाय, आजचा घाणा उस्तादांच्याच भरवशावर.

बाराओनांच्या कपाळाला आठी पडली. एव्हारिस्तो क्षणभर थबकला, मग भट्टीसमोर जाऊन कठडा धरून उभा राहिला.

गणित तिने सकाळीच करून ठेवलं होतं. एकेचाळीस.

एकेचाळीस मिनिटं झाली. हात वर गेला नाही. तिला वाटलं, या डोळ्यांना आपल्या गणितापलीकडचं काहीतरी दिसत असणार. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला ज्वाळेतला हिरवा रंग तिलासुद्धा कळला. शेहेचाळीस झाली. बाराओना घड्याळाकडे बघू लागले.

ती धावतच त्याच्याजवळ गेली.

एव्हारिस्तोने मान वळवली नाही. फक्त तिला ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाला, “सहा महिने तुझ्याच आकड्यावर हात वर करतोय, पोरी. हिरवी झाली का गं?”