रिकामी दोरी

"आता निमिष बोलेल, बाकी सगळे म्यूट," असं म्हणून अध्यक्ष नोरीनने अख्ख्या क्लबाची तोंडं एका झटक्यात बंद केली. लॅपटॉपच्या पडद्यावरच्या सगळ्या चौकटी गप्प झाल्या. निमिषने घसा साफ केला. सकाळपासून त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. श्रीखंडात लक्ष नाही, पूजेत लक्ष नाही. उठायचं, खिडकीशी जायचं, परदेशातल्या या ल्यूकन गावच्या त्याच त्या ओल्या हिरवळीकडे बघायचं आणि परत येऊन बसायचं.

भानगड होती एका कोर्सची. तिरंदाजीच्या या क्लबात शिरायचं तर आधी नवशिक्यांचा कोर्स करावा लागे. निमिषने सूट मागितली होती. अमरावतीला कॉलेजात असताना तो विद्यापीठाकडून खेळलेला गडी. पोहणाऱ्याला घोटाभर पाण्यात उतरवायचं म्हणजे काय? त्यात लॉकडाऊनमुळे कोर्सही बंद. म्हणजे उद्या मैदान उघडलं तरी हा आपला रांगेतच. घरातल्या घरात कॉल घेऊन घेऊन माणूस नुसता कोंडला होता, आणि मोकळ्या हवेची वाट त्याला एवढी एकच दिसत होती. कोर्स सगळ्यांना सक्तीचा करायचा की जाणत्यांना माफ करायचा, हे क्लब आज ठरवणार होता.

"करून टाक ना एकदाचा," त्याची बायको देवयानी महिनाभर सांगत होती. "या देशात धनुष्य विकत घेताना कोणी काही विचारत नाही. निदान क्लब तरी विचारतोय."

"मला विचारतोय, तेच तर झोंबतंय," निमिष म्हणायचा.

आणि सभा नेमकी दसऱ्याच्या दिवशी. यंदाच्या सीमोल्लंघनाला सरकारने पाच किलोमीटरची वेस घातलेली, त्यामुळे सगळा सण बैठकीच्या खोलीतच. धनुष्य पाटावर निमिषनेच मांडलं होतं. दोरी उतरवून पुजायचं म्हणजे काठीला हळदकुंकू वाहायचं, म्हणून त्याने हौसेने दोरी चढवून ठेवली. देवयानीने सुपरमार्केटमधल्या पिवळ्या शेवंतीची माळ घातली. बाण मात्र तिने पाटावर येऊच दिले नाहीत. ते स्वयंपाकघरातल्या कपाटात, कुलपात होते. तेरा वर्षांच्या लेकीला, तन्वीला निमिषने बजावून ठेवलं होतं, बाणांना हात लावायचा नाही. धनुष्याला लावला तर चालेल का, असं तिने विचारलं तेव्हा तो हसला होता. "बाणाशिवाय धनुष्य म्हणजे दांडकं गं."

आता तो कॅमेऱ्यासमोर चांगलाच रंगात आला होता. मी अमुक स्पर्धा खेळलो, तमुक प्रशिक्षकांकडे शिकलो. मागे देवयानीची कुजबुज चालली होती.

"तनू, घे हातात. आजी-आजोबांना व्हिडिओ पाठवायचाय. ओढ ना जरा, खऱ्यासारखं दिसू दे."

"इज इट ओके, आई?"

"अगं, बाण कुठाय त्याला? मी सांगितलं की सोड. टणत्कार ऐकू येऊ दे अमरावतीला."

"ग्रँड," तन्वी म्हणाली. इथल्या पोरांचं 'बरं' ते हेच.

निमिषच्या कानावर हे सगळं पडलं, डोक्यात काही शिरलं नाही. त्याने मागे न बघता हातानेच त्यांना गप्प केलं आणि खिशातली किल्ली काढून कॅमेऱ्यासमोर धरली. "सुरक्षिततेचं म्हणाल तर बाण कुलपात आहेत, आणि किल्ली ही अशी माझ्या खिशात असते. आता तुम्हीच सांगा, हा कोर्स मला काय शिकवणार?"

पडद्यावर एक हात वर गेला. मग दुसरा. मग भराभर सगळेच. निमिषला वाटलं, मतदान सुरू झालं, आणि बरं वाटलं हो त्याला. पण नोरीन खुर्चीतून उठली होती. म्यूटवरच ती दोन्ही पंजे हलवत नको नको म्हणत होती, आणि बाकीच्यांची बोटं पडद्यावर रोखलेली होती. त्याने मागे वळून पाहिलं.

तन्वीने दोरी हनुवटीपर्यंत ओढली होती. दंड थरथरत होते, तरी ती मोबाइलकडे बघून हसत होती.

रिकामी दोरी सोडली की जो जोर बाणाने न्यायचा, तो सगळा धनुष्यातच उलटतो. धनुष्य फुटतं. अमरावतीच्या मैदानावर सोबत खेळणाऱ्या शशिकांतच्या गालात घुसलेली चिरफळी निमिषने याच डोळ्यांनी पाहिली होती.

"तनू, सोडायची नाही," तो हळू आवाजात म्हणाला.

"माय आर्म्स, बाबा."

"दुखू देत. सोडायची नाही."

किल्ली हातातून कधी पडली ते त्याला कळलं नाही. त्याने तिच्या बोटांवर आपली बोटं घट्ट दाबली आणि दोरी हळूहळू जागेवर नेली. मग धनुष्य काढून घेऊन तो तिथेच खाली बसला.

"झालं काय एवढं?" देवयानी गोंधळली. "बाण तर कुलपात आहेत ना?"

"यू सेड इट्स जस्ट अ स्टिक, बाबा," तन्वी म्हणाली. ती रडवेली झाली होती.

निमिषने दोघींकडे पाहिलं.

"कोणाला लागलं नाही ना?" म्यूट काढून नोरीनने लॅपटॉपमधून विचारलं. त्याने मान हलवली. "तुझं बोलणं अर्धवट राहिलंय, निमिष. कोर्स तुला काय शिकवणार, असं विचारत होतास."

"मला हे येत होतं, नोरीन," तो म्हणाला. "घरात सांगायचं राहिलं होतं. कोर्सला आमची तीन नावं लिही."