टाकीवरच्या दोन रेघा

साहेब पलंगाखाली पोटावर पडले होते. तोंडात टॉर्च, हातात टिश्यू पेपरची गुंडाळी. सकाळी त्यांनी हात पोचेल त्या प्रत्येक नळीच्या जोडाला कागदाची पट्टी बांधली होती, जखमेला बांधावी तशी. आता एकेक पट्टी सोडून उजेडात धरत होते. गुलाबी डाग कुठेच नव्हता. सगळे कागद कोरडे ठणठणीत.

मग पाणी जातंय कुठे?

गाडी म्हणजे चाकांवरचं घर. एक पलंग, एक शेगडी, खिडकीशी एक बाक. ती उबदार राहायची ती नळ्यांतून फिरणाऱ्या, न गोठणाऱ्या गुलाबी पाण्यामुळे. कपाटातल्या टाकीवर दोन रेघा होत्या. पाणी त्यांच्यामध्ये असलं की जग ठीक. खालच्या रेघेखाली गेलं की हीटर बंद. आणि बाहेर बर्फ पडत होता. घाट दुपारी उघडणार होता आणि अंधार पडायच्या आत पुन्हा बंद होणार होता. घाटापलीकडे मुलगी होती, पहिलटकरीण, दिवस भरलेली. पुढे जायचं की मागे फिरायचं, ते ती खालची रेघ ठरवणार होती.

साहेबांची नोकरी विमा कंपनीत, अपघातांची पाहणी करण्यात गेली होती. त्यामुळे त्यांना नुसता घाट कधी दिसतच नसे. घाटात अडकलेली गाडी दिसे, गाडीत गारठलेली दोन माणसं दिसत, आणि 'निष्काळजीपणा' असा शेरा मारणारा एखादा तरुण सहकारीही दिसे. मागच्या सहलीत वायपर कुरकुरला म्हणून ते अर्ध्या वाटेतून परतले होते. त्याच्या आधीच्या सहलीत काहीच कुरकुरलं नव्हतं. त्याचाच त्यांना संशय आला होता.

या खेपेला मात्र सगळं कसं छान चाललं होतं. हरवला होता तो फक्त त्यांचा दाढीचा मग. ते चहाच्या कपात ब्रश बुडवून दिवस काढत होते. परवा पेट्रोल पंपावर त्यांनी जावयाला फोनवर ऐटीत सांगितलं, "टाकीतलं पाणी केसभर हललेलं नाही. सगळीकडे माझं जातीनं लक्ष असतं. तुमच्या सासूबाई? त्यांना काय, त्या नुसत्या बसून असतात."

सासूबाई मागेच बाकावर बसल्या होत्या. त्या क्षणापासून अबोला सुरू झाला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून पाणी उतरू लागलं. साहेबांना वाटलं, आपलीच दृष्ट लागली.

एवढ्याशा गाडीत अबोला पाळणं हे काही येरागबाळ्याचं काम नाही. बायको केटलीला सांगायची, "चहा झालाय." साहेब समोरच्या काचेला सांगायचे, "साखर कमी पडलीय." पहिला बोलेल तो हरला, असा त्यांच्या घरचा कायदा होता, आणि साहेब आजवर एकदाही हरले नव्हते.

पंचाईत तिथेच होती. आता तपासायची एकच जागा उरली होती, बाकाखालची. आणि बाकावर बायको नातवंडासाठी टोपडं विणत बसली होती. परवापासून ती तिथून फारशी हललीच नव्हती. साहेबांनी टॉर्चचा झोत तिच्या पायांवर टाकून पाहिला. तिने पाय वर घेतले. साहेबांनी उगाच जमीन पुसली आणि माघारी आले.

पाणी खालच्या रेघेला टेकलं. हीटर एकदा खोकला.

तेवढ्यात फोन वाजला. बायकोने तो उचलला, ऐकला, खाली ठेवला. सुया थांबल्या. ती केटलीकडे बघत म्हणाली, "कळा सुरू झाल्यात म्हणे."

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. टाकीकडे पाहिलं. आणि कायदा मोडला.

"अगं, ऊठ जरा."

ती ताडकन उठली, जणू याचीच वाट बघत होती. साहेबांनी बाकाची फळी उचलली. खाली नळीचा जोड होता. जोडाखाली त्यांचा दाढीचा मग होता, गुलाबी पाण्याने काठोकाठ भरलेला. शेजारी एक नरसाळं आणि नीट घडी घातलेलं फडकं.

"हे कधीपासून गळतंय?"

"निघालो त्या दिवसापासून."

"शक्यच नाही! टाकी तर रोज भरलेली असायची."

"तुम्ही उठायच्या आत मी ओतायची. एक थेंब जरी दिसला असता, तरी तुम्ही गाडी वळवली असती. परवापासून नाही ओतलं."

परवा काय झालं होतं, ते साहेबांना विचारावं लागलं नाही. आयुष्यभर त्यांनी अपघातांची कारणं शोधली होती. इतकं स्वच्छ कारण कधी सापडलं नव्हतं.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि जोडावरचा क्लॅम्प आवळला. लोंबणारा थेंब जरा घुटमळला, पडला, आणि त्याच्यामागून दुसरा आला नाही. नवा कागद लावून पाहिला. कोरडा. मग मगातलं पाणी नरसाळ्यातून टाकीत ओतलं. पाणी हळूहळू चढून दोन रेघांच्या मध्ये येऊन थांबलं. हीटर पुन्हा गुरगुरू लागला.

साहेब स्टिअरिंगवर जाऊन बसले. किल्ली हातातच राहिली. "मी परवा ते जे जावईबापूंना..."

मागे बाकाची फळी धाडकन मिटली. लोकरीचा गुंडा मांडीवर आला.

"घाट उघडलाय," बायको म्हणाली, आणि या वेळी केटलीला नाही. "काढा गाडी. मी आहेच इथे, नुसती बसून."